चारावर चढवलेलं बर्केलियम

माझा दादा प्रयोगशाळेत बर्केलियम आणि कॅलिफोर्नियम ही मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करायचा. दोन्ही जहाल किरणोत्सारी आणि सख्ख्या भावांसारखी एकमेकांना चिकटलेली, कारण दोघांचीही ऑक्सिडेशन अवस्था, म्हणजे अणूने गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचा आकडा, तीन. बर्केलियमला चारावर चढवलं, की हिरवं द्रावण पिवळं होतं. तेवढ्यात ते बाजूला काढायचं. उशीर झाला, की गडी परत तिनावर!

त्या दिवशी ऐन पिवळ्यावर दादाच्या हातमोज्यातून त्याच द्रावणाची सुई बोटात घुसली. अशा वेळी हातातलं काम टाकून धावत सुटायचं असतं. हा शहाणा तसाच काम रेटत बसला. शेवटी किरणोत्साराचा भोंगा बोंबलला आणि त्याला अर्ध्यावरून ओढून बाहेर काढलं.

"रक्तातलं औषधाने निघेल," डॉक्टर त्याच्यासमोरच मला म्हणाले. "हाडात बसलं ते नाही. लगेच यायला हवं होतं."

दादाने नुसती मान हलवली. मग मला विचारलं, "पिवळं राहिलं ना गं?"

माझं डोकंच फिरलं. "कसलं राहतंय! तुझ्यापायी खोली सील केली, आत कोण जाणार? झालं परत हिरवं!"

हाडांचं ऐकून त्याच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता. आता तो भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागला.