दुसरी वात

जोगेश्वरीच्या गुंफेत उन्हातून उतरलं की घटकाभर डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून आत बसलेल्याने पावलं ऐकली की विचारायचं, "कोण?" आणि येणाऱ्याने पायरीवरच थांबून सांगायचं, "मी." तेवढ्या एका 'मी'वरून कळे, ही मालन, ते पुजारीबुवा, हे शेजारचे भाऊ. अंजनाबाईंना हा रिवाज फार प्रिय. घरी परतल्यावर दाराआडून "कोण?" विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

यजमान भिकाजी गिरणीत असतानाच गेले. एकुलता एक मुलगा गुणाजी पलटणीत गेला. रजेवर आला की आई गुंफेतून परतायच्या वेळी दाराला आतून कडी घालून बसे आणि चाळ दणाणून टाकी, "थम! कौन आता है?"

"मेल्या, तुझी आई आहे. उघड."

"दोस्त म्हण, आये. दोस्त म्हटल्याशिवाय संत्री सोडत नाय."

"दोस्त हो बाबा, दोस्त. पाय दुखतायत दोस्ताचे."

मग दार उघडायचं.

मार्गशीर्षाच्या अवसेला लढाई थांबली. चाळीत पेढे वाटले, अंजनाबाईंनी देवीची ओटी भरली. आणि लढाई थांबून दोन महिने झाल्यावर, माघात, तार आली. तारेमागून साहेबांचं इंग्रजी पत्र आलं. चाळीत इंग्रजी वाचणारे एक भाऊच. कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेले, उजव्या हाताची दोन बोटं लेथलाच देऊन आलेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला नि म्हणाले, "शत्रूने मारला, वहिनी. सरहद्दीवर अजून गोळ्या चालतात."

तेराव्या दिवशी अंजनाबाईंनी गुंफेत देवीपुढे वात लावली. लावली आणि हात तसाच राहिला. मनात आलं, ज्याने गोळी झाडली त्यालाही कुणीतरी पाठवलंच असणार. त्याचीही आई असेल. माणूस मारून आलेल्याच्या पोटात अन्न कसं उतरत असेल? त्यांनी दुसरी वात वळली, पहिलीशेजारी ठेवली. "त्याला क्षमा कर गं माय. मला जमत नाही, तू कर. जमेल तेव्हा मीही करीन." त्या दिवसापासून नेम धरला. दोन्ही वाती लागल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही.

मालनने टोमणा मारलाच. "काकी, रेशनला तेल मिळत नाय नि तुम्ही वैऱ्याला दिवा लावताय?"

"माझ्या वाटणीचं तेल आहे गं. भाजीत घालत नाही, तिथे घालते."

महिने गेले तसा तो वैरी अंजनाबाईंच्या सोबतीचा झाला. किडकिडीत, मिशी नुकती फुटलेली, बाजरीची भाकरी खाणारा, झोप न येणारा. भात निवत ठेवताना त्या हलकेच विचारीत, "जेवलास का रे?" हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. देवीलासुद्धा.

पुन्हा मार्गशीर्ष आला. गुरुवार होता. अंजनाबाई तबकात दोन वाती, तेलाची वाटी नि फुलं घेऊन निघाल्या होत्या. भाऊ ओट्यावर पेपर पसरून बसले होते.

"वाचलंत का वहिनी? अमेरिकेने व्हिएतनामच्या जंगलात पावलं ऐकणारी यंत्रं पेरलीत. माणूस चालला की यंत्राला कळतं, वरून बॉम्ब. पुढल्या लढाईत शिपाई नकोच. कुणाच्या आईला रडायला नको."

"कुणाची पावलं ते कळतं का हो त्याला?"

"म्हणजे?"

तेवढ्यात चाळीच्या तोंडाशी एक पोरगेलासा माणूस उभा राहिला. खाकी पिशवी, बारीक कापलेले केस. चौकशी करावी की परत फिरावं, असा घोटाळत.

"कोण?" अंजनाबाईंनी विचारलं.

"म्या... धोंडू."

"झोपेत म्हशीला हाका मारणारा?"

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यावरच मोडलं. "गुणाजीनं लिवलं हुतं व्हय?"

"प्रत्येक पत्रात. म्हशीचं नाव चंद्री, तेही ठाऊक आहे मला." अंजनाबाईंना काय करू नि काय नको झालं. "बैस रे. देवीला दिवा लावून येते, मग पान वाढते. माझा नेम आहे. ही बघ, ही वात गुणाजीची. आणि ही त्याला ज्याने मारलं त्याची."

धोंडू वातीकडे बघत राहिला. मग ओट्याच्या कडेवर बसला.

"मावशी, त्याला कुणी न्हाई मारलं."

"असं कसं?"

"सुरुंग हुता. जमिनीत पुरत्यात तसला. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढा असतोय. लढाईत आमीच पुरलं हुतं, दुश्मन येऊ न्हाई म्हणून. लढाई संपल्यावर काढाय लागलो. एका वळीत बारा. अकरा घावले. बारावा घावंना. वाऱ्यानं वाळू सरकती मावशी, डोंगरच्या डोंगर सरकत्यात तिथं. सकाळपासनं आमी सगळे ज्या वाटंनं गेलो आलो, त्याच वाटंनं गुणाजी पाण्याचा कॅन आणाय गेला."

पलीकडे नळावर कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता.

अंजनाबाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पेपराची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

"वहिनी, पत्रात होतं. 'माइन'ने मेला, असं होतं. मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. माइन म्हणजे माझं, एवढंच मला ठाऊक. धिस बुक इज माइन. दुसरी माइन म्हणजे खाण, कोळशाची. वाळवंटात खाण कुठली? आणि माझ्याकडून मेला, असं साहेब कशाला लिहील? मला अर्थच लागेना. तुम्ही तोंडाकडे बघत होता माझ्या. म्हटलं, शत्रू म्हणावं. शत्रू असला की आईला बरं पडतं."

धोंडूने मान वर केली. "बराबर वाचलं तुमी. माझाच हुता. ती वळ म्या लावली हुती. बारावा ह्या हातानं पुरला."

तबकातली एक वात लवंडली होती. अंजनाबाईंनी ती सरळ केली नाही. त्यांना मेलेल्या गुणाजीचं नवीन दुःख झालं नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. डोळ्यांपुढून गेला तो दुसराच. किडकिडीत, नुकती मिशी फुटलेला. तो कुठेच नव्हता. कधीच नव्हता. दहा महिने त्या ज्याला जेवलास का विचारत होत्या, त्याच्या जागी एक लोखंडी झाकण होतं. घर पहिल्यांदा रिकामं झालं तेव्हा निदान वैरी तरी होता.

"साहेब काय म्हणाले?" भाऊंनी विचारलं.

"चौकशी झाली. साहेब म्हणाले, धोंडू, तुझा दोष न्हाई. नकाशा बराबर हुता. सुरुंगाचाबी न्हाई, त्यो त्याचं काम करतोय. वाळूचा दोष." त्याने आपला तळवा उलटापालटा करून पाहिला. "शिकवणारा उस्ताद म्हणायचा, ह्यो तुमचा सगळ्यात इमानदार जवान. झोपत न्हाई, खात न्हाई, रजा मागत न्हाई. आमी हसायचो. लढाई थांबली ह्ये त्याला कोण सांगणार, ह्ये कुणी इचारलं न्हाई."

"खरं आहे साहेबांचं," भाऊ समजुतीने म्हणाले. "माझी बोटं लेथने खाल्ली. मी काय लेथवर राग धरू?"

"भाऊ, त्या लेथला जाळी असते ना? हात जाऊ नये म्हणून?"

"असते. काम भराभर व्हावं म्हणून काढली होती."

"कोणी?"

"मुकादमाने." मग पेपर खाली ठेवून, "आणि मीही नको म्हटलं नाही."

अंजनाबाई उठल्या. "चल धोंडू, देवीला जायचंय."

पायऱ्या उतरून दोघं गुंफेत गेली. आत कुणी नव्हतं. छतातून पाणी टपकत होतं. अंजनाबाईंनी पहिली वात लावली. दुसरीपाशी काडी नेली आणि ती बोटाला चटका बसेपर्यंत तशीच धरली. कुणाच्या नावाने लावायची? लोखंडाच्या? वाळूच्या? संध्याकाळपर्यंत असंच बसावं लागलं तर बसावं. रात्री जेवू नये. उद्याही नाही. क्षमा करायला कुणी नाही म्हणून नेम अडला, असं आजवर कुण्या बाईच्या नशिबी आलं असेल का?

धोंडू खांबाला टेकून उभा होता. अंधारात त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"तिथे सुरुंगाच्या जागी तू पहाऱ्यावर असतास," त्यांनी न वळता विचारलं, "आणि गुणाजी समोरून आला असता, तर काय केलं असतंस?"

"आरडलो असतो. थम, कौन आता है."

"आणि तो?"

"दोस्त म्हणाला असता. न्हाई, त्यो तसा सरळ कुठला. चंद्री म्हणाला असता."

अंजनाबाईंना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या हसल्या आणि मग बराच वेळ पदर तिथेच राहिला.

"आणि दुश्मन असता तर?"

"तरीबी इचारावंच लागतंय मावशी. तसा हुकूमच हाय. इचारल्याबिगर गोळी न्हाई."

"मग तुझ्या जागी तू काय ठेवून आलास?"

धोंडू खाली बसला. "न इचारणारा."

"हं."

पाणी टपकत राहिलं. अंजनाबाईंनी हळूहळू बोलायला सुरुवात केली. नेहमीच्याच मऊ आवाजात, पोथी वाचावी तशा. "साहेब म्हणाले तुझा दोष नाही. भले माणूस असतील. पण मी नाही तसं म्हणणार. तू तो पुरलास. तो पुरायला तुला ज्यांनी सांगितलं, त्यांचाही वाटा आहे. ज्यांनी तो बनवला, त्यांचाही. ते इथे नाहीत. तू आलास. दोष आहे धोंडू तुझा."

त्याने हुंदका दिला. पण तो वेगळा होता, ओझं खांद्यावर नीट बसल्यावर हमाल सोडतो तसा.

"व्हय," तो म्हणाला. "ह्येच कुणी म्हणत न्हवतं. समदे न्हाई न्हाई म्हणायचे."

"लोखंडाला मी क्षमा कशी करू? त्याला आई नाही. तुला आहे."

त्यांनी काडी ओढली. दुसरी वात धरायला वेळ लागला. दमट झाली होती. मग धरली. "माय, धोंडूला क्षमा कर," त्या म्हणाल्या. थांबल्या. "मी केली."

घरी येऊन दोघं जेवली. धोंडूने तीनदा भात घेतला. चंद्री विकली, असं त्याने सांगितलं. पलटणीत परत जायचं की नाही ते अजून ठरत नव्हतं. उन्हं कलायच्या आत तो निघाला. भाऊ त्याला नाक्यापर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई पुन्हा गुंफेत उतरल्या. दोन वाती लावल्या, दोन नावं घेतली. सगळं नीट झालं होतं. नेम शाबूत होता. तरी उठवेना. दोन नावांपलीकडे एक जागा रिकामी होती. मिशी नुकती फुटलेल्या, बाजरीची भाकरी खाणाऱ्या कुणाचीतरी. कधी नसलेल्या माणसाचं सुतक धरायचं कसं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

पायऱ्यांच्या बाजूने कसलासा आवाज झाला. पाऊल असेल, नाहीतर पाणी.

"कोण?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. पाणीच असावं. त्यांनी वाती सारख्या केल्या, नि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने विचारलं.