सक्तीचं मनःशांती शिबिर

माणसं दमतात, हा शोध ठाण्यातल्या एका कंपनीच्या मोठ्या साहेबांना अखेर लागला. दीड महिना रविवारीही जुंपलेल्या टीमसाठी त्यांनी तातडीने उपाय काढला: मनःशांती शिबिर. तेही रविवारी! हजेरी सक्तीची, गैरहजर राहणाऱ्याची रजा कापणार. बैल दमून बसला म्हणून त्याच्या शिंगांना रंग फासायचा, त्यातला हा प्रकार.

टीमप्रमुख हरिहरला मात्र कल्पना मनापासून पटली. दिवाळीपासून त्याने घरी गरम जेवण जेवलेलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता.

"सर, रविवारी माझ्या भावाची, जयेशची हळद आहे," कोळीवाड्यातली निशा म्हणाली. "एकुलती एक बहीण मी."

"हळदच ना? लग्नाला जा की."

"सर, कोळ्यांकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त गर्दी असते!" शेजारचा शौनक म्हणाला.

"शौनक, तू चटई विसरू नकोस."

रविवारी ऑफिसच्या हॉलमध्ये सगळे हजर. निशाही आली, हातावर ताजी मेंदी आणि मुठीत थरथरणारा फोन. प्रशिक्षक बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या."

दुसऱ्या श्वासाला टीम घोरू लागली.

"अरे, ही काय शिस्त झाली!" हरिहरने शौनकला गदागदा हलवलं. शौनकने डोळे उघडले नाहीत. त्याची बोटं तेवढी चटईवर टाइप करत होती. "पाठवतो सर... पाच मिनिटांत," तो झोपेतच पुटपुटला.

हरिहरने हात मागे घेतला.

"बघितलंत?" जागी असलेली निशा उसळून म्हणाली. "माझे बाबा जन्मभर खाडीत जातात. पण मधे एक दिवस जाळं सुकवतात, फाटलेलं सांधतात. त्या दिवशी जाळ्याला कुणी शिबिराला नेत नाही! फाटकं जाळं टाकत राहिलं तर दमणूक तेवढी हाती लागते, मासळी निसटते. गेल्या आठवड्यात ग्राहकाला दोनदा चुकीची फाइल गेली. कुणी पाठवली, सर?"

हरिहरनेच पाठवली होती.

त्याचे कान लाल झाले. मग तो एकदम ओरडला, "उठा रे सगळे! म्हणजे... उठा, आणि घरी जाऊन झोपा! निशा, तू धाव. हळद लागायच्या आत पोच!"

"तुम्ही पण या ना सर, जेवायला."

"आज नको गं. आज घरी गरम जेवतो."

तेवढ्यात साहेबांचा फोन. "शिबिराचे फोटो?" हरिहरने रिकाम्या चटयांचा फोटो पाठवला.

"अरे, माणसं कुठायत?"

"विश्रांती घेतायत, साहेब. पुढच्या रविवारीही घेणार आहेत. रजा कापायचीच तर आधी माझी कापा."

वाचकहो, विश्रांती हा कंपनीने वाटायचा खाऊ नव्हे. तिच्यावाचून कामच नासतं. थकलेल्या माणसाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवू नका. तो त्याला येतो. तुम्ही फक्त त्याच्या छातीवरून उठा!