नाव पुसलेल्या दोन नळ्या

मित्रांनो, मी एक जुनी निळी थंड पेटी आहे. माझ्या झाकणाची एक कडी कधीच तुटली. पूर्वी वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर मी बाळांच्या लसी नेत असे.

साथ आली तेव्हा माणसांच्या नाकातले नमुने माझ्यात ठेवून पुण्याला धाडू लागले. तिथे प्रयोगशाळेत विषाणूच्या जनुकांतली अक्षरे वाचतात. विषाणू एकाचा दुसऱ्याला होत जातो, तशी त्यातली अक्षरे कुठे कुठे बदलतात. ज्यांचे बदल सारखे, ते एका घराण्याचे. ही घराणी परदेशांतल्या नमुन्यांशी ताडून पाहिली, की साथ देशात कोणत्या वाटांनी शिरली ते कळते.

आमच्या गावच्या गेनबाची बायको रत्ना पालीच्या वाटेवर गडावर जाणाऱ्या परगावच्या लोकांना चहा करून देई. गावात पहिली आजारी तीच पडली. त्याच दिवशी तिच्यामागोमाग गावातल्या ज्ञानूलाही ताप भरला. तो सारोळ्याला एका हळदीत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या पंगतीत जेवून आला होता. तरी गावाने ठरवून टाकले, की साथ रत्नाच्या चहाने आणली.

दोघांचे नमुने निघाले तेव्हा वीज नव्हती. माझ्यातल्या बर्फाच्या पिशव्या गोठल्याच नाहीत. दवाखान्याचा शिपाई सावळाराम भला माणूस. त्याने सरबताच्या गाडीवरचा बर्फ फोडून, पिशवीत न भरता तसाच माझ्यात ओतला. वाटेत त्याचे पाणी झाले आणि नमुन्यांच्या नळ्यांवरची शाईची नावे धुऊन गेली. झाकण बंद होते. मी काय करणार?

डाव्या अंगाला टेकलेली नळी रत्नाची, एवढे मला ठाऊक होते. पण पुण्यात दोन्ही नळ्या एका मुठीत उचलल्या गेल्या, आणि कोणती कोणाची ते तिथून पुढे मलाही कळेना.

रत्ना गेली. तिच्या दहाव्याला नदीवर गाव आले नाही.

पुढे निकाल आला. डॉक्टर अश्विनीबाईंनी तो दवाखान्याच्या ओट्यावर सगळ्यांना समजावला. एका नळीतला विषाणू नुकताच परदेशातून आलेल्या घराण्यातला. गावातल्या पुढच्या आजाऱ्यांच्या नमुन्यांतही हाच निघाला, म्हणजे गावभर पसरला तो हाच. दुसऱ्या नळीतला पुण्यात आधीपासून फिरणारा. तो गावात पुढे कोणाला झालाच नाही.

गेनबाने विचारले, "बाई, माजी रत्ना त्यातली कंची?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, काका."

"सांगायचं काय त्यात?" गावातला सोमनाथ मागून म्हणाला. "चा पाजून गाव आडवं केलं तिनं."

तेव्हा ज्ञानू उठून गेनबाला म्हणाला, "नाना, गाव आडवं केलेली ती नळी माजी हुती म्हना. म्या जिता हाय, लोकांचं ऐकून घीन."

गेनबाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. मग म्हणाला, "न्हाई रं. तुज्यावर तरी बोल कशापायी? ठाव न्हाई म्हंजी ठाव न्हाई."

माणसे उठून गेली.

मित्रांनो, नमुन्यावर नाव लिहाल तेव्हा पाण्याने न जाणाऱ्या शाईने लिहा. रत्नाची नळी कुठल्यातरी थंड कपाटात बिननावाची उभी असेल. दोष तिचा होता की नव्हता, हे गेनबाला मरेपर्यंत कळणार नाही. तुम्ही तरी तो तिच्यावर ठेवू नका.