माझा चौथा खांब

मी एक जुनं घर आहे. जुनं म्हणजे सात वर्षांचं; पण बहरीनमधल्या मआमीरच्या उन्हात सात वर्षं काढून बघा, मग हसा. समोर खजुराची बाग, मागे कारखान्यांच्या चिमण्या आणि मधे मी: तीन खोल्या, त्रिकोणी कपाळ, दर्शनी चार खांब. मित्रांनो, माझं घराणं मोठं आहे. माझे पूर्वज बिस्किटाच्या डब्यावर राहत.

तो डबा माझे मालक अबू यूसुफ यांचा. झाकणावर विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातला खांबवाला बंगला छापलेला होता. बिस्किटं संपली, बंगला उरला. १९९२ साली त्यांनी ते झाकण पुण्याच्या सदानंद इंजिनिअरांपुढे ठेवलं. म्हणाले, बागेत हेच पाहिजे, फक्त लहान.

सदानंदांनी आधी माझं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, साठपट छोटं. खांब सरबताच्या स्ट्रॉचे. साइटवर येताना कंपनीच्या बसने सित्र्याजवळ गचका खाल्ला आणि चौथी स्ट्रॉ चेपली. सदानंदांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी तिथे उभी चिकटवली आणि ते विसरून गेले.

माझा मुकादम रत्नागिरीकडचा कमाल. हात सोन्याचा. पण आदल्या वर्षी त्याने मीना सलमान बंदरातल्या एका गोदामाला स्वतःच्या डोक्याने कौलारू पडवी काढली होती, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. बहरीनमध्ये. तेव्हा सदानंदांनी बजावलं, "कमालभाई, मॉडेलमध्ये आहे तस्संच. डोकं चालवायचं नाही. मालकांनी पास केलं की तुमची लीव्ह."

लीव्ह मुलीच्या, निदाच्या, लग्नासाठी हवी होती. कमालने डोकं चालवलं नाही. तीन खांब गोल, गुबगुबीत उभे केले. चौथा चौकोनी, सळईसारखा बारीक आणि वर लाल गोळा. मला पहिल्या दिवसापासून शंका होती, पण घराला विचारतो कोण?

शेवटच्या दिवशी सदानंद आले आणि जागीच थांबले.

"हे काय, कमालभाई?"

"चौथा खांब."

"लाल का?"

"मॉडेलात लालच हाय, साहेब. शेड मिळवायला तीन दुकानं फिरलो."

"अहो, ती काडेपेटीची काडी होती!"

"मी इचारणार होतो. पण इचारायला डोकं चालवावं लागतं."

कमालचं विमान परवाचं होतं. खांब पाडून नवा करायचा म्हणजे आठ दिवस. तेवढ्यात अबू यूसुफ गाडीतून उतरले, झाकण काखेत. लाल गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ये कौन बनाया?"

कमाल पुढे झाला. "मैं, अरबाब. साहब का गलती नहीं."

"गलती है," अबू यूसुफ म्हणाले. "ये एक अच्छा. बाकी तीन खराब. सब ऐसा करो."

सदानंद चौथ्या खांबाला टेकले आणि घाबरून लगेच सरळ झाले. तीन खांब म्हणजे महिना. लग्न बापाविना होणार. आणि मग, मित्रांनो, कमालने वर्षभर बंद ठेवलेलं डोकं चालवलं.

"अरबाब, खंबा कुछ नहीं. असली चीज ऊपर का सिर है."

अबू यूसुफनी विचार केला. मान डोलावली. संध्याकाळच्या आत उरलेल्या तिघांच्या डोक्यावर लाल गोळे बसले. "खलास," मालक म्हणाले. "यल्ला, शादी में जाओ."

महिन्याने कमाल परतला, फोटो घेऊन. मांडवात निदा उभी, भोवती चार बांबू, शेंड्यांना लाल फडकी. हे माझं रत्नागिरीचं घराणं.

पुढे माझे चांगले दिवस आले. मालकांच्या बँकेतले जयेशसाहेब पाहुणे आणून सांगत, हे लाल शिरोभाग प्राचीन ग्रीक आहेत. मी कपाळ ताठ करी. आता नव्या इमारती झाल्या, मला बघायला कुणी येत नाही. गोळे उन्हाने गुलाबी पडतात. कमाल मात्र दर लीव्हच्या आधी लाल रंगाचा डबा घेऊन येतो आणि पहिला हात चौथ्या खांबाला देतो.

मित्रांनो, जुन्या घरांना जपा. वर्षातून एकदा तरी रंग द्या. आणि तुमचे बाबा माझ्या ओट्यावर सिगारेट पेटवायला लागले, तर त्यांना लायटर द्या. काडी ओढलेली आम्हा घरच्यांना बघवत नाही.