पाचव्या डब्याचं उत्तर

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुना, पत्र्याचा, लिंबाएवढा डबा आहे. आम्ही पाच भावंडं एकात एक बसणारी. थोरल्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, असं करत सगळ्यांच्या आत मी. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी आम्हाला घरी आणलं. भावांना चिंध्या, रिळं, बटणं मिळाली. माझ्यात मावणार काय? टाचण्या. वर्षानुवर्षं मी कोपऱ्यात गंजत बसलो.

काकूंची लेक संगणक शिकते. एकात एक किती डबे आहेत, हे मोजणारा प्रोग्राम तिला वर्गात दाखवायचा होता. तिनं दाखवला, तर संगणक गपगार. "गेला तुझा प्रोग्राम डब्यात," मैत्रिणी खिदळल्या. संगणकाच्या बाई म्हणाल्या, "उद्या शेवटची संधी."

घरी येऊन तिनं भावांना रिकामं केलं, आम्हाला एकात एक बसवलं आणि एकेक झाकण काढू लागली.

"थोरले, तुम्ही किती?" ती विचारी आणि घोगऱ्या आवाजात स्वतःच सांगे, "एक मी, अधिक आतला सांगेल तेवढे. त्याला विचार."

दुसरा तेच म्हणाला. तिसरा, चौथाही तेच. मग माझं झाकण निघालं. "एक मी, अधिक आतला..." म्हणत तिनं बोट घातलं आणि कचकन टाचणी टोचली.

मशीनवरून मान न उचलता काकू म्हणाल्या, "अगं बये, आत डबा आहे का, ते आधी बघशील की नाही? नसेल तर थांबावं माणसानं."

लेक बोट चोखत राहिली. "आई, हेच मी संगणकाला सांगितलं नाही गं. तो बिचारा आत आत विचारतच बसला."

मग तिनं प्रोग्राममध्ये एकच ओळ लिहिली. आत डबा आहे, पुढे प्रश्नचिन्ह. असेल तर एक अधिक आतल्याचं उत्तर. मग एकावर एक दोन टिंबं, आणि नसेल तर नुसतं एक. एरवी लिहावा लागणारा 'जर' आणि 'नाहीतर'चा लांबलचक पसारा एका ओळीत बसला, आम्ही थोरल्याच्या पोटात बसतो तसा.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हालाही वर्गात नेलं. मी म्हणालो, एक. ते ऐकून चौथा म्हणाला दोन, तिसरा तीन, दुसरा चार, आणि थोरला ऐटीत पाच. पडद्यावरही पाच उमटलं. बाईंनी मला तळहातावर घेतलं. "हा 'एक' म्हणाला, म्हणून बाकीच्यांना बोलता आलं."

इतकं कौतुक मला पेलेना, मित्रांनो. आता मी लेकीच्या कीबोर्डशेजारी राहतो. टाचण्या माझ्यातच आहेत, त्यांचे उपकार कसे विसरू? तुमच्या घरीही असा एखादा चिमुकला डबा असेल. फेकण्याआधी एकदा त्याचं झाकण उघडा. बोट तेवढं सांभाळा.