शांतीचा शिपाई

"काल तूच बोललास ना, आईच्या अंगात येतं ते सगळं नाटक असतं म्हणून? मग आता कॅमेऱ्यासमोर बोलायला काय जातंय तुझं?"

परेश शर्टाच्या कॉलरला लावलेल्या माईककडे बघत होता — उंदराच्या पिल्लाएवढा, वर काळी लव, खाडीच्या वाऱ्याने ती लव एकदा इकडे पडायची, एकदा तिकडे — आणि आपण साधा श्वास घेतला तरी तो राजसच्या मोबाइलमध्ये जाऊन पडतोय, हे त्याला अजिबात आवडत नव्हतं.

"चहा पिताना माणूस काय पण बोलतो," तो म्हणाला.

"ब्रो, ते चहावालं पण रेकॉर्ड आहे माझ्याकडे. फक्त आवाज क्लिअर नाही."

हा राजस खारघरच्या कॉलेजात शिकायचा, म्हणजे कॉलेजला जायचा, आणि उरलेल्या वेळात भुतांच्या जागा हुडकून त्यांचे व्हिडिओ टाकायचा. पनवेलच्या खाडीकाठी चिखलाचा एक सपाट पट्टा आहे, त्याला लढाईचं खाजण म्हणतात. लढाई झाली हे सगळ्यांना मान्य. कोण कोणाशी लढलं यावर कोळीवाड्यात एकमत नाही. फिरंगी होते एवढं नक्की, बाकी जो सांगेल तो आपल्या आडनावाचा एक माणूस त्यात घुसवतो. आता खाजणाला लागून कंटेनरचं यार्ड झालं आणि तिथले वॉचमन म्हणायला लागले की भर दुपारी तलवारी वाजतात, चिखलातून पावलं येतात, पांढऱ्या फेट्याचा कोणीतरी उभा असतो. राजस धावत आला. वाट दाखवायला परेश मिळाला.

आणि सकाळपासून परेशने एकेक भूत उचलून बाजूला ठेवलं होतं. तलवारी? कंटेनरचा पत्रा उन्हात तापला की फुगतो आणि टणकन वाजतो, हात लावून बघ, भाजेल. पावलं? ओहोटीला निवट्या उड्या मारतात, चिखलातले मासे रे, आई रोज टोपलीभर धरून आणते. फेटा? ती बघ तिवराच्या झाडाला अडकलेली पिशवी, तिच्यावरचं दुकानाचं नाव पण वाचता येतंय. त्याला मजा येत होती. नववीत सरांनी त्याचा कान धरला, त्याने सरांचा हात धरला, तिथे शाळा संपली. पण शाळेबरोबर डोळे थोडेच जमा करून आला होता तो. मला कोण फसवणार...

राजसचं तोंड मात्र उतरत गेलं. "हे सगळं ठीक आहे. पण भूत नाही म्हटल्यावर कोण बघणार? तुझ्या आईचं सांग. या लढाईतला शिपाई तिच्या अंगात येतो हे यार्डातसुद्धा माहितीय. आणि पोरगाच म्हणतो खोटं आहे. हे चालेल."

"पैसे घेत नाय ती कोणाकडून. नारळ पण नाय."

"मग फ्रॉडच की. फुकटातला फ्रॉड."

परेशचा हात वर गेला. कधी गेला ते त्यालाही कळलं नाही, नेहमी असंच व्हायचं, आधी हात आणि मग राग. राजसने मोबाइल छातीशी धरला आणि दुसरा हात कोपरात वाकवून तोंडापुढे आणला, मान खांद्यात घातली — आणि परेश तिथेच थांबला, कारण ही अशी वाकलेली कोपरं त्याने खूप बघितली होती, पण हात उगारणाऱ्याच्या बाजूने कधीच नाही. बघितली होती भांड्यांच्या मांडणीखालून, धाकट्या बहिणीला, कोमलला, पोटाशी धरून. मांडणीखाली बसलं की बापसाचे पाय दिसायचे, द्रोणागिरीच्या गोदामातली पांढरी धूळ घोट्यापर्यंत चढलेली, आणि वर आईचं कोपर. मीठ जास्त, मीठ कमी, फोन कोणाचा होता, काहीही. मग एका संध्याकाळी आईचे केस सुटले, ती घुमायला लागली, आणि तिच्यातून एक जाडा, खरखरीत आवाज आला, "दादू, खाली बस." आणि दादू बसला. गोदामात पोती फेकणारा माणूस, दोन्ही हात जोडून, "चुकलो महाराज" म्हणत बायकोच्या पायाशी बसला.

तेव्हा बापसाकडे कोण बघत होतं... परेश आईच्या हाताकडे बघत होता. केस सुटायच्या आधी त्या हाताने गॅस बंद केला होता. कालवणाचं टोप उतरवून कडेला ठेवलं होतं, आणि कोमलचा बाहेर आलेला पाय हलकेच आत ढकलला होता. मग वारं आलं. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. ज्याच्या अंगात वारं येतं त्याला गॅसची शुद्ध कशाला राहील? सगळी आळी पाया पडायची आणि परेश मनातल्या मनात हसायचा, की बघा, मला कळलंय, एकट्याला. इतकी वर्षं ते त्याने खिशातल्या गोटीसारखं जपलं होतं, काल चहाच्या टपरीवर काढून राजसला दाखवलं, आणि कशी करते हे पाठ असताना कशाला करते हे एकदासुद्धा... एवढे डोळे, आणि...

बापूस व्हिडिओ बघतो. जेवताना, अंगठा वर सरकवत, पनवेल म्हटलं की थांबतो.

हात अजून वरच होता. राजस कोपराआडून बघत होता. आता याच्या अंगात कोण येणार मला खाली बसवायला, परेशच्या मनात आलं, आणि त्याने हात खाली आणला, पँटला पुसला, जसा काही ओला होता.

"चालू कर," तो म्हणाला.

"काय?"

"कॅमेरा चालू कर. बोलतो."

राजसने जरा लांब उभं राहूनच मोबाइल धरला. मागे कंटेनर टणकन वाजला, दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"शिपाई खरा हाय," परेश म्हणाला. "तुमी सगळे त्याला खाजणात हुडकता, तो तिथे नसतो. आमच्या घरी येतो. मी लहानपणापास्नं बघतो त्याला. ओळख काय, तर तो आला की पयला जाळ बंद करतो. चुलीवरचं उतरवतो. पोरांना बाजूला सारतो. मगच बोलतो. लढाईला गेला तेव्हा मागे त्याचं घर पेटवलेलं, आत पोरं होती. आता ज्या घरात जाईल तिथे आधी तेच बघतो. आळीत कोणाला ठाऊक नाय हे. आईला पण नाय, तिला काय शुद्धच नसते."

पुढचं न अडखळता येत गेलं: शिपायाच्या डाव्या हाताला भाजल्याचा डाग, आवाज धुराने बसलेला. खोटं बोलताना परेशचा आवाज नेहमी चढायचा, कोमल लगेच पकडायची. आज चढला नाही. बोलता बोलता त्याला तो माणूस दिसायला लागला, ओणवा, टोप दोन्ही हातांनी धरून जपून खाली ठेवणारा, आणि तो घाबरलेला होता. शिपाई घाबरलेला होता, सगळा वेळ, आणि तरी आवाज काढत होता... हे बोलायचं होतं का? हे तो बोललाच नाही.

"बाप रे," राजस हळूच म्हणाला. "भावा, काटा आला. तुझा चेहरा बघ यात."

"कालचं काढून टाक पयलं."

"अरे, ते राहू दे ना, नंतर बघू—"

"माझ्यासमोर. आता."

राजसने त्याच्या हाताकडे बघितलं. परेशनेही बघितलं. हात खालीच होता, नुसता लोंबत होता, आणि तो तसाच राहावा म्हणून आपल्याला किती जोर लावावा लागतोय हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. राजसने रेकॉर्डिंग पुसलं, पुसलेलं दाखवलं.

"संध्याकाळी घरी येऊ का? शिपाई आला तर शूट..."

"नाय."

"मग तू तरी थांब, दोन शॉट घेऊ खाजणात चालताना."

परेशने यार्डाच्या गेटकडे बघितलं. दुपारच्या गाड्या सुटायला लागल्या होत्या, म्हणजे गोदामातली बापसाची पाळी पण सुटली असणार, आणि घरी आई एकटी गॅसपाशी.

"मला निघायला पायजे आता," तो म्हणाला.