एक शीत तरी

फेम्के त्या सकाळी भात न चाखता निघून गेली आणि माझा जीव टांगणीला लागला.

पोरगी हॉलंडची. आमच्या नदीकाठी झाडं लावायला स्वतःच्या खर्चानं आलेली, वर फुकट राबते. हे खूळ मला अजून कळलेलं नाही, पण पोरगी गुणाची. माझ्याच घरात राहते, मला मावशी म्हणते. त्या दिवशी उठायला उशीर झाला आणि खालून माझा भाऊ जुमादिल होडीतून हाका मारायला लागला. मी सुक्या मासळीचा परतलेला भात तिच्यापुढे धरला. "नको मावशी, भूक नाही," म्हणत बूट हातात घेऊन ती जिना उतरलीसुद्धा.

"अगं, एक शीत तरी जिभेला लाव," मी वरून ओरडले. पण तोवर इंजिन सुरू झालं होतं.

आता समोर आलेलं अन्न न चाखता रानात जायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेलं की केंपुनान लागतं. साप म्हणा, मगर म्हणा, काहीतरी आडवं येतंच. जुमादिल एकदा असाच कॉफी टाकून गेला आणि झाडावरून पडला, तो अजून लंगडतो. आणि हाच शहाणा पोरीला घेऊन गेला.

थोड्या वेळानं परत आला तो एकटाच. "सोडलं तिला वरच्या वळणावर. बाकीची माणसं रोपं भरतायत, त्यांना आता नेतो."

"तिनं भात चाखलेला नाही."

"ताई, ती हॉलंडची आहे. तिला कुठलं आपलं केंपुनान?"

"मगर काय पासपोर्ट बघून खाते?"

माझा चहा तसाच राहिला. मी भात डब्यात भरला आणि धक्क्यावर गेले. तिथं जुमादिलची बायको नोरसिया तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन उभी. "वन्सं, गरम आहेत, दोन खाऊन तरी जा." मी म्हटलं, "बाजूला हो." मला केळी कुठली सुचतायत. बाकीच्यांना थांबायला सांगून मी जुमादिलच्या होडीत चढले.

वरच्या वळणाला वळलो आणि जुमादिलनं झटकन इंजिन बंद केलं. फेम्के पाण्यावर आडव्या पडलेल्या एका झाडाच्या शेंड्याला उभी होती. मागे काठावर हत्ती. एक नाही, अख्खा कळप, पिल्लांसकट. पाण्यात उडी मारावी, तर खालच्या चिखलात मगर सरपटल्याची ओली खूण. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला बघून ती नुसतीच "मावशी" म्हणाली, तेही इतक्या हळू की ओठ हलले म्हणून कळलं.

जुमादिल वल्ह्यानं होडी सरकवत राहिला. एका मादीनं कान पसरले, पाऊल पुढे टाकलं.

"उतर. सावकाश. माझ्याकडे बघ," मी म्हणाले. होडी डगमगली, पण मी तिला कमरेला घट्ट धरलं आणि नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत सोडलं नाही. सुटली बाई माझी. देवाची कृपा, दुसरं काय.

मग डबा उघडला. "आधी हे."

"मावशी, आता?"

"आत्ताच."

तिनं चिमूटभर तोंडात घातला, मग सगळा डबा फस्त केला. खाताना हसत होती, रडत होती. "ते माझ्या झाडांतून चालत आले, मावशी. त्यांच्यासाठीच लावली होती ना."

"तुडवली की गं सगळी."

"परत लावीन."

जुमादिलला राहवलं नाही. "ताई, हिनं सकाळीच भात चाखला असता तर तू निघालीच नसतीस. मग हिला आणलं कुणी असतं?"

"तोंड बंद ठेव आणि इंजिन चालू कर."

धक्क्यावर उतरले. तिथंच फळीवर बसले. नोरसिया तीच बशी घेऊन आली. जुमादिल बशीकडे बघून म्हणाला, "म्हणजे ताई, तूसुद्धा न चाखताच गेली होतीस?"

माझ्या अंगावर काटा आला. गावभर शिकवत फिरणारी मी, आणि माझ्याच ध्यानात नाही. पण मी काही बोलायच्या आत फेम्केनं केळ्याचा तुकडा मोडून माझ्या तोंडाशी धरला.

"मावशी, आधी हे."

मी मुकाट्यानं तोंड उघडलं. गार झालेला तो घास गिळताना मला जे रडू फुटलं ते आवरेना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि नोरसियाला म्हणाली, "अजून दे. मावशी सकाळपासून उपाशी आहे."